तापीपलीकडचा आहूखाना

कोकणात जिला वाडी म्हणतात, गोमंतकात ज्याला कुळागर म्हणतात, त्या वस्तूला खानदेश-निमाडच्या कोरड्या मुलखात नेमका प्रतिशब्द सापडत नाही. तेथे मळा आहे, बाग आहे, आमराई आहे. परंतु फळझाडांच्या मधोमध घराण्याचे राहते घर, त्याला लागून हौद, पाट आणि राखणदारांची खोपटी, पिढ्यांमागून पिढ्या तीच माणसे त्याच झाडांची फळे खात आहेत, असे चित्र आपल्या समुद्रकाठच्या वाचकांस जितके परिचित, तितके ते तापीकाठच्या माणसास नाही. तरी बऱ्हाणपूरच्या समोर, तापीच्या दक्षिण तीरावर, अशा एका बागवाडीचे अवशेष आजही उभे आहेत. फरक इतकाच, की तिचे मालक साधे भाटकार नसून दिल्ली-आग्र्याचे पातशहा होते. बाहेरून येऊन या मुलखावर राज्य करणाऱ्या एका घराण्याची ही दक्षिणेतली बाग. तिचे नाव आहूखाना.

'आहू' म्हणजे हरिण. आहूखाना म्हणजे हरिणांचे ठिकाण, मृगवन. ज्या गावाच्या शिवेत ते आहे त्याचे नाव जैनाबाद. या नावाचा जैन धर्माशी काही संबंध नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. दौलताबादजवळच्या खुलताबादेस चिश्ती परंपरेतील दोन सत्पुरुषांचे दर्गे आहेत. एक शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा, दुसरा त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांचा. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीकाठी शहर वसविले तेव्हा उत्तर तीरावरील नगरास गुरूचे नाव दिले आणि दक्षिण तीरावरील वस्तीस शिष्याचे. गुरु-शिष्यांमध्ये नदी वाहते आहे. खुलताबादचे नाव या कथेत पुन्हा यावयाचे आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

१६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य बुडाले. खानदेशची सुभेदारी अकबराचा तिसरा मुलगा दानियाल याजकडे गेली. आहूखान्याची उभारणी परंपरेने या दानियालच्याच नावावर सांगतात, आणि त्याचा स्वभाव पाहता ते पटण्याजोगे आहे. त्याला दोनच छंद होते, शिकार आणि मद्य. मद्य बंद करण्यासाठी बापाने आणि सासरे अब्दुर्रहीम खानखानान यांनी त्याच्यावर पहारे बसविले. तेव्हा त्याने आपल्या बंदूकवाल्याला गळ घालून बंदुकीच्या नळीतून दारू आणविली. नळीतली जुनी दारू, म्हणजे उडवायची दारू, आणि गंज त्या पिण्याच्या दारूत मिसळला, ती पिऊन शहाजादा अंथरुणास खिळला आणि १६०५ मध्ये, वयाच्या तिशीच्या आसपास, बऱ्हाणपुरातच मेला. ही हकीकत त्याचा भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ती बंदूक दानियालची शिकारीतली लाडकी होती आणि तिच्या नावातच त्याने जनाजा हा शब्द घातला होता, असेही जहांगीर सांगतो. मराठीत 'दारू' हा एकच शब्द दोन्ही अर्थांना लागतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्या भाषेत सांगताना तिला एक निराळीच धार येते.

पुढील तीस वर्षे बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे नाक होते. खानखानान रहीम येथे दीर्घकाळ राहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारातून, निव्वळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणणारा कुंडी भंडारा त्याच्याच काळात, १६१५ च्या सुमारास झाला. शंभराहून अधिक उभ्या विहिरी एका भुयारी पाटाने जोडलेल्या आहेत. इराणी पद्धतीची ही करामत प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज खरी वाटत नाही. त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना येथे थांबला आणि शहाजादा परवीझ याला भेटला. रोने नजराण्यात बाटल्यांची एक पेटी दिली. त्यानंतर शहाजादा दुसऱ्या भेटीच्या स्थितीत उरला नाही, असे त्याच्या रोजनिशीत आहे. ज्या इंग्रजांच्या हाती पुढे हे सारे जाणार होते, त्यांचा या गावाशी पहिला मोठा संबंध असा एका पेटीने आला. परवीझही १६२६ मध्ये येथेच वारला. त्याचा थोरला भाऊ खुस्रो १६२२ मध्ये येथेच, धाकट्या भावाच्या कैदेत असताना मेला होता. अकबराच्या वंशाला तापीचे पाणी मानवले नाही असे म्हणावेसे वाटते.

तो धाकटा भाऊ म्हणजे खुर्रम, नंतरचा शाहजहान. पातशहा झाल्यावर खानजहान लोदीचे बंड आणि निजामशाही या दोहोंचा निकाल लावण्यासाठी १६३० च्या वसंतात तो बऱ्हाणपुरास आला आणि जवळजवळ दोन वर्षे तेथे राहिला. आहूखान्याच्या इतिहासातील मुख्य घटना या मुक्कामात घडली. तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या दोन वर्षांत बागेच्या कुंपणाबाहेर काय चालले होते हे पाहिले पाहिजे, कारण मुमताझची कथा सांगणारे बहुतेक लेखक ते गाळतात.

१६३० च्या पावसाळ्यात गुजरात, खानदेश आणि दक्षिण या तिन्ही प्रांतांत पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षीही हाल संपले नाहीत. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून निघून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेवर पडलेली प्रेते आणि धान्यासाठी विकली जाणारी मुले यांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हा धन्याची स्तुती करण्यासाठी नेमलेला माणूस. त्यालाही या दुष्काळाचे भीषण रूप लपविता आले नाही. पातशहाने बऱ्हाणपुरात अन्नछत्रे घातली आणि वीस सोमवार दर सोमवारी पाच हजार रुपये गोरगरिबांस वाटले, म्हणजे एकंदर एक लाख, असे तो लिहितो. सोमवार हा राज्यारोहणाचा वार म्हणून निवडलेला. याच दुष्काळात देहूस तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. शिवाजी महाराजांचा जन्म त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. आणि शहाजीराजे, सासरे लखुजी जाधवांचा निजामशाही दरबारात खून झाल्यानंतर, काही काळ मोगलांच्या चाकरीत शिरले होते तेही याच वेळी. एकाच दुष्काळाने दक्षिणेतल्या एका वाण्याचे दुकान बसविले आणि त्याच वर्षांत एका जहागीरदाराची निष्ठा हलली. बागेतल्या हौदात पाणी होते की नव्हते याची नोंद कोणी केलेली नाही, पण शाही बागेचे पाणी सर्वांच्या शेवटी आटते हे सांगावयास नोंद लागत नाही.

अशा वेळी, १७ जून १६३१ रोजी, मुमताझमहल चौदाव्या बाळंतपणात वारली. मुलगी जगली, तिचे नाव गौहर आरा. राणीचे वय अडतीस होते आणि लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. किल्ल्यातील महालातून तिचा देह नदीपार नेऊन जैनाबादच्या बागेत पुरण्यात आला. पातशहा शुक्रवारी तेथे जाऊन फातिहा पढत असे, त्याच्या दाढीत पांढरे केस झपाट्याने वाढले, असे बखरकार सांगतात. सहा महिने तो देह तापीकाठी राहिला. डिसेंबर १६३१ मध्ये शहाजादा शुजा, हकीम वझीरखान आणि राणीची विश्वासू दासी सतीउन्निसा यांच्या सोबतीने तो आग्र्याकडे निघाला व जानेवारी १६३२ मध्ये तेथे पोचला. वाटेने अन्न आणि पैसा वाटीत नेले. त्या मोसमात अशा वाटपासाठी गर्दी किती झाली असेल, ते मंडीचे वर्णन वाचलेल्यास सांगावे लागणार नाही.

ताजमहाल मुळात बऱ्हाणपुरासच व्हावयाचा होता, पण तापीकाठची माती पोकळ निघाली, वाळवी लागली, नदीचे पात्र अरुंद म्हणून प्रतिबिंब पुरे पडेना, अशा कथा गावात मोठ्या आवडीने सांगतात. समकालीन कागदांत त्यांना आधार नाही. देह पुरला तो अमानत म्हणून, म्हणजे ठेव म्हणून, पुढे हलविण्याच्या हिशेबानेच. आणि राजधानी आग्रा होती. गावकऱ्यांच्या या हळहळीची मला थट्टा करवत नाही. हातातोंडाशी आलेले जगप्रसिद्धत्व निसटले, असे ज्या गावाला वाटते त्याने मातीला दोष दिला तर नवल काय? परंतु या कथांमागे धावताना त्यांना एक खरा धागा दिसत नाही. आग्र्यातील ज्या जमिनीवर ताज उभा आहे ती अंबरच्या राजा जयसिंगाकडून मिळाली आणि मोबदल्यात त्याला चार हवेल्या देण्यात आल्या. डिसेंबर १६३३ चे फर्मान त्याची साक्ष देते. हाच मिर्झाराजा जयसिंग पुढे पुरंदरचा तह करणारा. दक्षिणेची मोहीम फसल्यावर उत्तरेस परत जाताना तो ऑगस्ट १६६७ मध्ये मेला, तो बऱ्हाणपुरातच. त्याची छत्री तेथे नदीकाठी उभी आहे. बऱ्हाणपूरच्या मृत राणीला ज्याने आग्र्यात जागा दिली, त्याला जागा दिली बऱ्हाणपुराने.

राणी गेल्यावर बाग ओस पडली नाही. फळझाडांना सुतक नसते. बऱ्हाणपुरात शाहजहानच्या खास आवडीचे एक आंब्याचे झाड होते, त्याला 'बादशाहपसंद' म्हणत. १६५२ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार झाला, तेव्हा या आंब्यांवरून बापलेकांत पत्रव्यवहार झाला. आंबे थोडे आले, नासके आले, चांगले तिकडेच ठेवून घेतलेत की काय, असा पातशहाचा सूर. पीक कमी आले, झाडावर माणसे बसविली आहेत, असा मुलाचा खुलासा. सर जदुनाथ सरकारांनी हा पत्रव्यवहार वाचून त्यात बापाच्या मनातील संशयाची पाळेमुळे दाखविली आहेत. सहा वर्षांनी मुलाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले. दक्षिणेच्या सुभ्यातील पैसा, फौज, विजापूर-गोवळकोंड्याच्या मोहिमा ही त्या वैराची मोठी कारणे होतीच. पण घराण्यातील भांडण कोठे प्रथम तोंड काढते हे ज्यांनी एकत्र कुटुंबातल्या बागायतीच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्यांना आंब्याच्या करंडीचे महत्त्व सांगावयास नको. आपल्याकडे कलमाच्या एका फांदीवरून पिढ्यानपिढ्या बोलणे बंद झालेली घरे काय थोडी आहेत?

औरंगजेबाच्या आयुष्यातील एकमेव प्रेमप्रकरण म्हणून जे सांगतात तेही याच बागेतले, आणि तेथेही आंबाच आहे. 'मासिर-उल-उमरा'त दिल्याप्रमाणे, शहाजादा जनान्यासह आहूखान्यात फिरावयास गेला होता. त्याच्या मावशीबरोबर आलेली हिराबाई नावाची गाणारी, शहाजाद्याची पर्वा न करता, फळांनी लवलेल्या आंब्याच्या फांदीकडे उडी मारून फळ तोडती झाली. तो धिटाईचा आविर्भाव पाहून औरंगजेब घायाळ झाला. मावशीची मिनतवारी करून त्याने तिला मिळविले. जैनाबादेत भेटली म्हणून तिचे नाव जैनाबादी. एकदा तिने मद्याचा पेला पुढे करून पिण्याचा हट्ट धरला. तो ओठाशी नेणार तोच तिने तो हिसकून स्वतः पिऊन टाकला, कारण तिला केवळ त्याच्या प्रेमाची परीक्षा पाहावयाची होती. ती लवकरच वारली. औरंगाबादेस तिला पुरले. औरंगजेबाच्या दुसऱ्या एका आख्यायिकासंग्रहात हीच गोष्ट निराळी आहे. तेथे शहाजादा तिला पाहताच मूर्च्छित पडतो, आणि तिच्या मोबदल्यात आपल्या जनान्यातील एक स्त्री देतो. 'मासिर'चा कर्ता शाहनवाझखान अठराव्या शतकातला, औरंगाबादेतल्या निजामी दरबाराचा माणूस; म्हणजे घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणारा. तपशील त्याने कोणाकडून ऐकले हे तोच जाणे. परंतु हिराबाई खरी होती. गोव्यात व मद्रासेत राहिलेला इटालियन मनुची हाही या नर्तकीचा उल्लेख करतो, आणि तिच्या मृत्यूनंतर औरंगजेबाने गाणे व मद्य कायमचे सोडले असे सांगतो. शिवाय औरंगजेब १६५३ च्या प्रारंभी बऱ्हाणपुरास पोचला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत तेथेच रेंगाळला. औरंगाबादेस जा म्हणून बापाची टोचणी चालू असतानाही. म्हणजे त्या वर्षीचा आंब्याचा हंगाम त्याने तापीकाठीच काढला. बादशाहपसंदच्या करंड्या उत्तरेस कमी का गेल्या, याचे एक उत्तर येथे असेल काय? पुरावा नाही, तर्क करण्याचा मोह मात्र आवरत नाही. जाता जाता, आंब्यांत श्रेष्ठ गोव्याचा, असे मनुचीने लिहून ठेवले आहे. गोमंतकीय वाचकांनी बादशाहपसंदचा फार हेवा करू नये.

या बागेची झाडे ज्यांनी लावली, मोट हाकली, रात्री पाखरे आणि वटवाघळे हाकलली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव या फारसी ग्रंथांत नाही. पातशहाच्या झाडावर पहारा होता इतकेच कळते. पहाऱ्यावरच्या माणसाने कधी आंबा चाखला की नाही, ही इतिहासाची बाब समजली गेली नाही.

१६८१ च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचा बहादुरपुरा आणि इतर धनाढ्य पुरे तीन दिवस लुटले. खाफीखानाने त्या लुटीचे वर्णन केले आहे. शहरातील मुल्लामौलवींनी आता जुम्म्याची नमाज बंद पडेल असे पातशहास लिहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला. आंब्याच्या त्या हंगामाला अठ्ठावीस वर्षे उलटली होती. वय त्रेसष्ट, नमाज आणि जपमाळ. त्या हिवाळ्यात तो नदी ओलांडून आहूखान्यात गेला की नाही हे कोणी लिहिलेले नाही. पुढे औरंगाबाद, विजापूर, गोवळकोंडा, मराठ्यांचे किल्ले. पंचवीस वर्षे तो उत्तरेचे तोंड न पाहता दक्षिणेत झगडला. १७०७ मध्ये अहमदनगरास मेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला खुलताबादेस पुरले, ते जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात. ज्यांच्या नावाने जैनाबाद, आणि म्हणून जैनाबादी. निजामुल्मुल्क आसफजाहही १७४८ मध्ये बऱ्हाणपुरात वारला आणि त्यालाही खुलताबादेसच नेले, मात्र गुरूच्या, बुऱ्हाणुद्दीनांच्या, पायाशी.

यानंतर मालक झपाट्याने बदलले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रजी फौजेने शहर आणि असीरगड घेतले, त्याच वर्षअखेरच्या तहाने ते शिंद्यांना परत मिळाले. १८१९ मध्ये असीरगड पुन्हा, आणि कायमचा, इंग्रजांकडे गेला. बऱ्हाणपूर शहर, जैनाबाद आणि मांजरोद हे परगणे मात्र १८६० पर्यंत शिंद्यांकडे राहिले. त्या वर्षी झालेल्या तहाने ते इंग्रजी मुलखात, निमाड जिल्ह्यात, मोडू लागले. म्हणजे ज्या अर्थाने आपण 'इंग्रजी अंमल' म्हणतो तो या बागेवर सत्त्याऐंशी वर्षेच होता. त्या अंमलात जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने निमाडची सारा-आकारणी केली. मोगलांना बाग ही घराण्याची हौस होती. इंग्रजी बंदोबस्ताच्या दृष्टीने जमिनीचा अर्थ सारा. रेल्वे आली ती शहराबाहेर, लालबागेजवळ. नदीपलीकडच्या बागेकडे जाण्याचे कारण कोणालाच उरले नाही. मराठ्यांच्या अंमलातही तिची फार निगा राहिली असे दिसत नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पेशवे आणि शिंदे यांना बऱ्हाणपूर हवे होते ते नाक्यासाठी आणि वसुलासाठी.

आज तेथे भग्न बारादरी आहे, हौद आहे, भिंतींचे तुकडे आहेत. हरिणे अर्थातच नाहीत. पाहुणे येतात ते 'मुमताझची पहिली कबर' विचारीत येतात, आणि सहा महिन्यांपुरत्या त्या कबरीची एवढी चौकशी होते, की दीडशे वर्षांच्या बागेची कोणी करीत नाही. बऱ्हाणपूर २००३ मध्ये निराळा जिल्हा झाला. भोवतालच्या शिवारात आता केळीच्या बागा आहेत. रावेर-जळगावकडे जी केळी, तीच इकडे. सीमेच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्यप्रदेश. शेतातली बोली आणि घडांचा हिशेब बराचसा सारखा. मोटेची जागा पंपाने घेतली आहे, आणि पाणी पूर्वीपेक्षा खोल गेले आहे. केळीचे घड ट्रकात भरून दिल्लीच्या बाजारात जातात. वाटेत किती नासले, यावरून पाठविणारा आणि घेणारा यांच्यात अजूनही पत्रव्यवहार होतो; फक्त तो आता दूरध्वनीवर होतो.